आण्णांच्या जबड्याची रेघ

मोनालीच्या रेवाचं बारसं झालं, ते वर्ष २०३७. पण सरगरांच्या घरात ते वर्ष कुणी आकड्यानं सांगत नाही. आण्णांना बारशाच्या घुगऱ्या चावता आल्या नाहीत ते साल, असंच सांगतात.

पाळणा म्हणून झाला, बायकांनी घुगऱ्या वाटल्या. आण्णांनी, म्हणजे मोनालीच्या वडलांनी, बिरुदेव सरगरांनी, मूठभर हरभरे तोंडात टाकले आणि डावा हात गालावर ठेवला. मग कुणी बघत नाही असं पाहून गोठ्याच्या भिंतीआड जाऊन थुंकले. मोनालीनं ते पाहिलं. ती जिल्ह्याच्या गावी कर्करोग केंद्रात नोकरीला होती. गालाला हात लावून आलेली माणसं तिच्या रोजच्या कामातली.

"आण्णा, आ करा."

"बारशात कसली तपासणी काढलीस गं?"

"आ करा म्हणते ना."

त्यांनी आ केला. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, पांढऱ्या कडांचा एक चट्टा होता. मोनालीनं तोंड मिटायला सांगितलं आणि पाळण्याकडे वळली, कारण चेहरा लपवायला दुसरी जागा नव्हती.

आण्णा माणदेशातले नावाजलेले बैलांचे दलाल. खिल्लार बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये दलाल बसतो, हातावर टॉवेल टाकतो आणि टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरतो. चार माणसं भोवती उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. तोंडाला काम नसल्यामुळे बाजारात बसणाऱ्यांच्या तोंडात तंबाखू असायची. मिसरूड फुटायच्या आधीपासून आण्णांच्या डाव्या गालात ती होती.

त्या दिवशी त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर रेवाच्या टाळूवर हात ठेवला. "हिच्या टाळूवर हात ठेवून सांगतो. आजपास्नं तंबाखू बंद."

बायकांनी पदर डोळ्याला लावले. मोनालीला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. पोरीच्या डोक्यावरची शपथ ती. घेतली की पाळावीच लागते.

उपचार सरकारी योजनेतून फुकट होणार होते. त्या योजनेला नवीनच एक अट लागली होती. तंबाखूनं रोग झालेल्यानं ती सोडल्याची हमी द्यायची. त्यानंतर तोंडात तंबाखू सापडली, तर सगळे उपचार सहा महिने बंद. सहा महिन्यांनी लाळ तपासणार, स्वच्छ निघाली तर पुढचं बघणार. अट करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. फक्त रोग सहा महिने थांबत नाही, हे त्यांनी धरलं नव्हतं.

आण्णांनी हमीवर सही केली. वळणदार सही करायचे ते.

*

मोनालीचं काम मास्क बनवण्याचं. डोक्यामानेवर किरण द्यायचे तर माणूस केसभरही हलता कामा नये. म्हणून जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात बुडवायचा, तो मऊ पडला की माणसाच्या तोंडावर अंथरायचा आणि हातानं दाबत न्यायचा, नाक, ओठ, हनुवटी. गार झाला की तो त्या चेहऱ्याचाच होऊन बसतो. मग कडेच्या खटक्यांनी टेबलाला अडकवायचा. आतला माणूस डोळे हलवू शकतो, बाकी काही नाही.

आणि आखणीचं काम यंत्राचं. ते थोडं समजून घ्यायला हवं.

किरणांना रोग कोणता आणि माणूस कोणता हे कळत नाही. वाटेत येईल ते ते भाजत जातात. म्हणून त्यांना चहूबाजूंनी थोडं थोडं आणतात आणि एका जागी गाठ घालतात. ती जागा कोणती, हे आधी आखून द्यावं लागतं. स्कॅनमध्ये डोकं आडव्या चिरलेल्या कांद्यासारखं दिसतं, चकतीवर चकती. प्रत्येक चकतीत रोगाभोवती लाल रेघ काढायची. लाळेच्या ग्रंथी, जबडा, मणका यांच्याभोवती हिरव्या रेघा काढायच्या. लाल रेघेच्या आत भाजायचं, हिरव्या रेघेच्या आत जपायचं. पूर्वी डॉक्टर हे हातानं आखायचे आणि एका रोग्यापायी अर्धा दिवस जायचा. आता हजारो रोग्यांच्या रेघा पाहून यंत्र शिकलं होतं. स्कॅन आत गेला की चहा निवायच्या आत सगळ्या रेघा तयार.

रेघा चांगल्या असायच्या. डॉक्टरांच्या हातापेक्षा नेटक्या असायच्या. म्हणून नियम झाला की यंत्राची लाल रेघ बाहेर सरकवायची असेल तर डॉक्टरांनी खुशाल सरकवावी. आत घ्यायची असेल, म्हणजे यंत्र रोग म्हणतंय ते रोग नाही असं म्हणायचं असेल, तर पुराव्यासकट कारण द्यावं. रोग सुटू नये म्हणून केलेला नियम होता. त्यातही वाईट काही नव्हतं.

आण्णांचा मास्क मोनालीनंच केला. दुसऱ्या कुणाला करू देववेना. गरम पत्रा तोंडावर पडला तसे त्यांचे हात टेबलाच्या कडेला घट्ट झाले.

"भाजत नाही ना?"

आण्णांनी बोटानं नाही म्हटलं.

तिनं बापाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत कधी फिरवला नव्हता. डाव्या गालाला फुगवटा लागला. गाठ असणार, दुखेल, म्हणून तिनं तिथं दाबलंच नाही, नुसता तळहात ठेवला. तंबाखूचा वास आला. तो त्यांच्या कोपरीला जन्मभर होता, त्यामुळे तिला वेगळं काही वाटलं नाही. मास्क गार झाल्यावर तो तसाच ठेवून लगेच स्कॅन झाला.

पूर्वी पाटोळेमामा नावाचे वयस्कर तंत्रज्ञ होते. ते टेबलावर चढणाऱ्या प्रत्येकाला बेसिनपाशी न्यायचे आणि चूळ भरायला लावायचे, मग तो सरपंच असो की मास्तर. मामा निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. आता छतातून एक आवाज यायचा. गोड, सावकाश, पुण्याकडचा.

"कृपया दागिने, कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्र काढल्याची खात्री करा."

यादीत जे होतं ते आवाजानं विचारलं. तंबाखू यादीत नव्हती. ज्या मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत यंत्र शिकलं, तिथं चूळ भरल्याशिवाय कुणी आत येत नव्हतं.

नंतर रिक्षात आण्णा म्हणाले, "बैलाला मुस्कं घालत्यात तसं घातलंस बघ मला. आन् ती वरची बाई मला दागिनं काढा म्हणतीया. म्हणलं, आसतं तर घातलं आसतं."

मोनाली हसली. त्या दिवशीचं हसणं तिला पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

*

डॉक्टर पद्मजा शेडबाळे सांगलीकडच्या. केंद्रात त्या एकट्या, आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांचे रोगीही पडद्यावरून बघायच्या. त्यांनी मोनालीला आत बोलावलं.

पडद्यावर आण्णांचं डोकं चकत्याचकत्यांनी सरकत होतं. लाल रेघ गालावरून खाली उतरली होती आणि जबड्याच्या हाडात शिरून हनुवटीपर्यंत गेली होती.

"हाडात गेलाय म्हणतंय," डॉक्टर म्हणाल्या. "मी बोट घालून तपासलं होतं. मला हाड घट्ट लागलं होतं."

"मग?"

"माझं बोट म्हणजे पुरावा नाही गं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एवढ्या हाडावर मारा करायचा तर दात आधी काढावे लागतील. तोंड उघडणं कमी होत जाईल. बोलणं, चावणं. आणि हाड पुढे काही वर्षांनी सडूही शकतं."

मोनाली पडद्याकडे बघत राहिली. हाडालगत पांढरे ठिपके होते, बारीक, कण्या सांडाव्यात तसे. यंत्रानं त्यांवरूनच हाडाचे तुकडे पडलेत असं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्क घालून बघायचा होता. आण्णा टेबलावर झोपले, तिनं मास्क चढवला, खटके लावले. सगळीकडे चपखल बसला. फक्त डाव्या गालावर जाळी वर राहिली होती. तिनं जाळीच्या भोकातून करंगळी आत घातली. गाल आणि जाळी यांच्यामध्ये सुपारी मावेल एवढी पोकळी होती.

रोगाची गाठ एका रात्रीत उतरत नाही. काल त्या गालात जे होतं ते आज नव्हतं. चुना लावलेली ओली तंबाखू स्कॅनमध्ये मांसासारखीच करडी दिसते. आणि चुना म्हणजे कॅल्शियम, हाडात असतं तेच. तो हाडासारखाच पांढरा दिसतो.

तिनं खाली पाहिलं. जाळीच्या आतून आण्णा तिच्याकडे बघत होते. तिचं बोट कुठं आहे ते त्यांना कळलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

*

डॉक्टरांनी तिला खोलीत बोलू दिलं नाही. केंद्रातल्या प्रत्येक खोलीत बोललेलं सगळं नोंदलं जायचं आणि योजनेच्या कचेरीत जायचं. त्या तिला मागच्या दारानं धुतलेल्या चादरी वाळत घालतात तिथं घेऊन गेल्या. ओल्या चादरींच्या रांगांमध्ये दोघी उभ्या राहिल्या.

मोनालीनं सांगितलं.

"स्कॅन परत करू ना," मोनाली म्हणाली. "मी मास्क बिघडवते. बसत नाही म्हणून सांगते. आण्णांना चूळ भरायला लावते."

"काही उपयोग नाही. यंत्र जुना स्कॅन शेजारी ठेवतं. एकदा जिथं रोग दिसला ती जागा ते सोडत नाही. रोग आपोआप आटत नसतो असं शिकवलंय त्याला. आणि बरोबरच शिकवलंय."

"मग तुम्ही रेघ आत घ्या. कारण लिहा."

"लिहिते. तंबाखू होती असं लिहिते. ते कारण लिहिल्या क्षणी योजनेला कळतं. सहा महिने उपचार बंद. सहा महिन्यांत हा रोग खरंच हाडात शिरेल. यंत्राची रेघ खरी करून दाखवेल."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर परवापासून उपचार सुरू. रोग बहुतेक जाईल. जबडाही जाईल, हळूहळू." डॉक्टरांनी हाताला लागलेली चादर बाजूला सारली. "उद्या सकाळी मला मंजुरी द्यायचीय. तू माझ्याकडे बघतेस, मी तुझ्याकडे बघते. ज्याचं तोंड आहे त्याला विचार."

*

ऊन उतरल्यावर ती गावी पोचली. आण्णा अंगणात बाजेवर बसले होते. शेजारच्याचा गोऱ्हा खुंटाला बांधला होता, त्याच्या शिंगांना ते तेल चोळत होते.

मोनालीनं दोरीवरचा टॉवेल घेतला, त्यांच्या शेजारी बसली आणि टॉवेल पसरला. "आण्णा, हात द्या."

"कुणाचा बैल?"

"तुमचाच."

ते हसले नाहीत. त्यांनी हात टॉवेलाखाली घातला. तिनं त्यांच्या तळहातावर तंबाखूची चंची ठेवली. मघाशी त्यांच्या अंथरुणाखाली सापडलेली. त्यांची बोटं चंचीवर मिटली आणि तशीच राहिली.

"स्कॅनच्या आधी किती वेळ धरली होती?"

"जीव घाबरला गं माझा." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "त्या मुस्क्याचं ऐकलं हुतं लोकांकडनं. म्हणलं, एवढी शेवटची धरू. दात आवळून पडलो."

तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या भाषेत सांगितलं. यंत्रानं बांध कोरलाय, आण्णा. रोगाचं रान एवढंसं, पण बांध सरकवून जबड्यात नेलाय. बांध मागं आणायचा तर तंबाखूचं नाव घ्यावं लागतंय आणि नाव घेतलं की दवाखाना सहा महिने बंद.

"एक बोट म्हणजे खरं सांगायचं," ती म्हणाली. "दोन बोटं म्हणजे गप बसायचं. तोंड जाईल. जीव राहील बहुतेक."

आण्णा गोऱ्ह्याकडे बघत राहिले. "पाव्हणं सगळं बघत हुतं गं. पोरीच्या टाळूवर हात ठिवला मी. उद्या मी गेलो तर म्हणतील, शपथ मोडली म्हणून गेला. आन् पोरीला कायतरी झालं, शिंक आली तरी म्हणतील, आज्यानं मोडली. जन्मभर तिच्या मागं लावतील ते."

"आण्णा, लोकांचं सोडा."

"तू सोड. तू शहरात ऱ्हातीस."

टॉवेलाखाली त्यांनी तिची दोन बोटं धरली. तिनं हात मागं ओढला. सौदा मान्य नसला की असंच ओढतात. त्यांनी हात सोडला नाही. पुन्हा तीच दोन बोटं. मग त्यांनी तिचा सगळा पंजा आवळला. सौदा पटला की असं आवळतात, आणि त्यानंतर कुणी बोलायचं नसतं.

*

डॉक्टरांनी रेघ मंजूर केली.

आण्णांचे खालचे दात काढले. मग रोज मास्क, खटके, छतातला गोड आवाज. मोनालीनं त्या पोकळीत आतून कापसाचा बोळा चिकटवला, म्हणजे जाळी गालाला टेकेल. रोज तो बोळा बघायची आणि रोज खटके लावायची. आण्णांचं तोंड सोलून निघालं, लाळ आटली, भाकरी गेली, मग भात गेला, मग नुसती पेज राहिली.

रोग मात्र गेला. तपासणीत पुन्हा काही निघालं नाही. तंबाखूही सुटली, आता ती ठेवायला जागाच नव्हती.

वर्षाभरात तोंड एवढं आवळलं की त्यात चमचा आडवा जाईना, उभा घालावा लागे. बोलणं घरच्यांना कळायचं, परक्यांना नाही. पण आण्णा खरसुंडीच्या बाजारात परत बसले. टॉवेलाखाली त्यांची बोटं होती तशीच होती. मांडवातले जुने सोबती म्हणायचे, "बिरू, आता बरं झालं. आधी सौद्यात मधीच बोलून घोटाळा घालायचास." आण्णा डोळ्यांनी हसायचे. रेवा चालायला लागल्यावर त्यांच्या मांडीवर येऊन बसायची आणि टॉवेलाखाली हात घालून त्यांची बोटं मोजायची.

मोनालीनं तिच्या खोलीत एक गोष्ट केली. टेबलावर चढण्याआधी प्रत्येकाला बेसिनपाशी न्यायची. "चूळ भरा. परत भरा. बोट फिरवा." कुणी चिडलं तरी ऐकायची नाही. तिला वाटलं, एवढं केलं की झालं.

पुढं आण्णांच्या जबड्याला भोक पडलं. हनुवटीखालून पू यायला लागला. भाजलेलं हाड मरत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की मेलेलं हाड काढून पायाचं हाड तिथं बसवता येतं. मोठं ऑपरेशन, मुंबईला, योजनेतून. केलं नाही तर विष अंगात भिनेल. तारीख मिळाली. घरानं श्वास सोडला.

त्याच आठवड्यात हौसाबाई पुकळे आल्या.

*

हौसाबाई वरकुट्याच्या. गालात रोग, डाव्याच. जन्मभर मशेरी लावलेली. बेसिनपाशी उभ्या राहून त्यांनी चूळ भरली, आणि चूळ भरतानाही बोलत होत्या.

"मोटराच्या पंपावानी चूळ भराय लावतीस की गं. लगीन झालंय का? किती पोरं? एकच? आगं, दुसरं हूं दे. मी गेल्यावर बारशाला कोण यील?"

"तुम्हीच याल, मावशी. आता तोंड मिटा, मास्क घालते."

"मिटती, मिटती. नवरा म्हणायचा, हौसे, तू मिटशील तवाच मिटशील."

तोंडात काही नव्हतं. मोनालीनं बॅटरी मारून पाहिलं होतं.

तरीही पडद्यावरची रेघ जबड्यात शिरली होती. गालावरून खाली, हाडातून, हनुवटीपर्यंत. मोनालीनं ती रेघ बघितली. तो आकार तिला पाठ होता.

"हे कसं?" ती म्हणाली.

डॉक्टर शेडबाळेंनी एक कळ दाबली. यंत्र रेघ कशावरून काढतं हे विचारता येत असे. मंजूर झालेली प्रत्येक रेघ यंत्रासाठी पुढचा धडा असते, आणि नवा रोगी आला की ते त्याच्यासारखे जुने शोधतं. हौसाबाईंच्या दातांवर मशेरीचं जुनं, टणक किटण होतं. तेही पांढरं दिसतं. गालात रोग, हाडालगत पांढरे ठिपके. असं उदाहरण यंत्राला हजारोंमध्ये एकच सापडलं होतं. एकच असल्यामुळे त्याचंच वजन पडलं.

पडद्याच्या कोपऱ्यात आण्णांची चकती आली.

दोघी उठल्या आणि मागच्या दारानं चादरींकडे गेल्या.

"हिची रेघ आत घ्यायला कारण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यावरून शिकलं तेच उदाहरण चुकीचं. पण ते का चुकीचं, हे सांगावं लागेल."

"तंबाखू."

"हो."

"आण्णांचं ऑपरेशन?"

"बंद होईल. सहा महिने. त्यांच्याकडे तेवढे नाहीत." डॉक्टर म्हणाल्या. "मी गप्प बसू शकते, मोनाली. बसलेय आधी एकदा. पण ही बाई गेली की दुसरी येईल. इथं सगळ्यांच्या दातांवर किटण आहे."

चादरी वाऱ्यानं तिच्या तोंडावर येत होत्या. ती त्या बाजूला करत नव्हती.

*

आण्णांना तिनं अंगणातच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आवळलेल्या तोंडातून विचारलं, "बाई कशी हाय?"

"बोलकी आहे. झोपेतसुद्धा बोलत असेल."

"आन् मग तिचं तोंड बंद हुईल."

"आण्णा, मी तुम्हाला विचारायला आले नाही. मी नाही म्हणून आलेय डॉक्टरांना." ती खोटं बोलत होती. तिनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. रिक्षात, एसटीत, फाट्यापासून चालताना, दोन्ही बाजूंनी तीच भिंत येत होती.

आण्णांनी हात लांब करून दोरीवरचा टॉवेल ओढला आणि दोघांच्या मध्ये टाकला. रेवा पळत आली, तिलाही हात घालायचा होता. त्यांनी तिला थांबवलं नाही. टॉवेलाखाली तीन हात होते. आण्णांनी मोनालीचं एक बोट धरलं.

तिनं हात ओढला. त्यांनी पुन्हा तेच बोट धरलं.

"लोकं काय म्हणतील?" ती म्हणाली. रागानं म्हणाली. "तुमची शपथ? रेवाच्या मागं लावतील म्हणाला होतात ना?"

"म्हणू देत." त्यांना एकेक शब्द काढायला वेळ लागत होता. "मी एक खोटं ठिवलं पोरीसाठी. ते परक्या बाईच्या जबड्यात जाऊन बसलं. तिलाबी नात आसंल, तिचं काय?"

त्यांनी पंजा आवळला. रेवाला वाटलं खेळ आहे. तिनं वरून आपला हात दाबला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः केंद्रात आले. नवं कोरं धोतर, डोक्याला पटका, बाजाराला जातात तसे. मोनालीच्या खोलीत गेले, टेबलाशी उभे राहिले आणि छताकडे तोंड केलं. चार शब्द बोलायला त्यांना खूप वेळ लागला, आणि हनुवटीवरची पट्टी ओली झाली.

"बाई, मी बिरुदेव सरगर. त्या दिशी माझ्या तोंडात तंबाखू हुती. चुना लावलेली. रोग न्हवता तो."

छतातून आवाज आला, गोड आणि सावकाश. "आपलं म्हणणं नोंदवलं आहे. धन्यवाद."

"ऐकलं गं तिनं?" आण्णांनी मोनालीला विचारलं.

"ऐकलं."

"मग झालं. मुस्कं आण ते माझं. घरी नेतो."

तिनं कपाटातून त्यांचा मास्क काढून दिला. त्यांनी तो उलटा करून आत पाहिलं, कापसाचा बोळा काढला आणि खिशात टाकला.

हौसाबाईंची रेघ त्याच दिवशी आत आली. यंत्रातून आण्णांचं उदाहरण पुसलं गेलं. छतातला आवाज आता कवळी आणि श्रवणयंत्राच्या जोडीनं तंबाखू, मशेरी आणि चुन्याचंही विचारतो. योजनेची अट मात्र आहे तशीच आहे, आणि म्हणून विचारल्यावर सगळे नाहीच म्हणतात. मोनाली त्यांना बेसिनपाशी नेते. ऑपरेशनची तारीख रद्द झाल्याचं योजनेनं कळवलं. सहा महिन्यांनी लाळ घेऊन यावं, असंही कळवलं.

हौसाबाई वरकुट्याला आहेत. फोन करतात, आणि फोन ठेवायचं नाव घेत नाहीत.

बिरुदेव सरगर २०४१ साली, होळीच्या आदल्या दिवशी सकाळी, अंगणातल्या बाजेवर वारले. रेवाला तेव्हा चौथं चालू होतं, आणि तिला त्या दिवशी काही झालं नाही.